कार्बन तंतू आणि मोटारीचे निलंबन

मोटारशर्यतींची छायाचित्रे जवळून न्याहाळणाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट हटकून भरते. फॉर्म्युला वन प्रकारच्या मोटारीची चारही चाके तिच्या अंगापासून दूर, उघड्यावर असतात, आणि ती अंगाशी जोडलेली असतात ती काही सडपातळ, काळ्या, पात्यासारख्या चपट्या दांड्यांनी. ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात धावणारी, वळणावर आणि ब्रेक लावताना प्रचंड भार सोसणारी मोटार एवढ्याशा दांड्यांवर तोलली जाते याचे नवल वाटते; त्या दांड्या पोलादाच्या नसून कार्बन तंतू व राळ यांच्या संमिश्राच्या आहेत हे कळले की ते नवल दुणावते. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो. गुळगुळीत शर्यतमार्गावर जे इतके उपयोगी पडले, ते दगडधोंड्यांतून, वाळूतून आणि नदीपात्रातून धावणाऱ्या गाडीला का लावू नये?

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या घेऊन खडबडीत वाटेवर उतरतात, ती 'बाजा' ही स्पर्धा २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूर येथे सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे तेथेच भरत राहिली. अशा गाड्यांचे आराखडे आखताना वजन कोठे कमी करता येईल याचा शोध चालतो आणि कार्बनच्या नळ्यांचे नाव लवकरच निघते. दुसरीकडे, डोंगरवाटांची हौस असलेले वाहनमालक आपल्या जीपगाड्यांना बाजारात मिळणारे 'कार्बन'चे सुटे भाग लावू पाहतात. या दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे देण्याचा विचार आहे.

निलंबनाचे काम

शासकीय कचेरीत 'निलंबन' हा शब्द उच्चारला की अंगावर काटा येतो. यंत्रशास्त्रात मात्र तो आरामाचा शब्द आहे. गाडीचे अंग चाकांवर थेट न ठेवता स्प्रिंगांच्या किंवा पाट्यांच्या आधाराने जणू टांगून ठेवायचे, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचत नाही. या व्यवस्थेत तीन प्रकारचे भाग येतात. चाकाने कोणत्या मार्गाने वरखाली व्हावे हे ठरवणारे बाहू, ज्यांना कार्यशाळेत 'आर्म' म्हणतात; धक्का साठवून परत देणारी स्प्रिंग किंवा पाटे; आणि स्प्रिंगची उसळी शमवणारा शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील 'शॉकअप'. शर्यतीच्या मोटारीत स्प्रिंग व शॉकअप अंगाच्या आत दडवलेले असतात आणि चाकाची हालचाल त्यांच्यापर्यंत नेण्यासाठी एक तिरपी दांडी असते. तिला ढकलदांडी म्हणता येईल.

चाक, टायर, ब्रेक आणि हब यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. बाहूचेही साधारण अर्धे वजन याच खात्यात जमा होते, कारण त्याचे एक टोक चाकाबरोबर हलते तर दुसरे गाडीच्या अंगाशी खिळलेले असते. हे स्प्रिंगखालचे वजन जितके कमी, तितके चाक जमिनीच्या चढउतारांबरोबर चपळाईने हलते आणि टायरची जमिनीवरील पकड टिकते. जड बूट घालून धावणाऱ्याचा पाय जसा मागे राहतो, तसेच जड चाकाचे होते. हलक्या बाहूंचा सोस निर्माण झाला तो येथून.

बांबूचा धडा

कार्बन तंतू म्हणजे कोळशाचा धागा अशी एक ढोबळ समजूत आहे. ती अगदीच चुकीची नाही. पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्यास प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि मग प्राणवायूरहित भट्टीत हजार अंशांच्या वर नेऊन त्यातील जवळजवळ सर्व इतर मूलद्रव्ये हाकलून देतात. उरतो तो कार्बनचा, सहा-सात सहस्रांश मिलिमीटर जाडीचा तंतू. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास या मार्गाचा पाया घातला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेने अतिशय बळकट तंतू तयार करण्याची रीत सिद्ध केली. आपल्या देशात बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेने हे तंत्र विकसित केले, आणि त्याच तंत्रावर आधारलेला तंतुनिर्मितीचा कारखाना २०१० साली वडोदऱ्याजवळ सुरू झाला.

नुसता तंतू मात्र दोऱ्यासारखा असतो. तो ओढता येतो, ढकलता येत नाही. त्याला इपॉक्सी राळेत बसवून, थरावर थर रचून, दाब व उष्णता देऊन घट्ट केले म्हणजे त्याचा दांडा, नळी किंवा पत्रा होतो. हे संमिश्र ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील बांबूचे बेट आठवावे. बांबूही तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ पदार्थ यांचे निसर्गनिर्मित संमिश्रच आहे. त्याचे सारे तंतू उभे, एका दिशेने जाणारे. म्हणून बांबूची कावड दोन्ही टोकांना पाण्याच्या घागरी घेऊन लवते, पण मोडत नाही. आणि तोच बांबू टोकाकडून कोयत्याचा एक नेमका घाव बसताच उभा चिरत जातो. बुरूड त्याच्या या दुबळेपणावरच आपला धंदा करतो.

कार्बन संमिश्राचे नेमके असेच आहे. सर्व तंतू एका दिशेने रचले तर त्या दिशेने त्याचे बळ अफाट असते. आडव्या दिशेने ते तीस-चाळीस पटींनी कमी भरते, कारण तेथे तंतू नव्हे तर केवळ राळ भार घेते.

आता थोडी आकडेमोड अपरिहार्य आहे. एखादा पदार्थ किती ताठर आहे हे पाहताना त्याच्या ताठरपणाला घनतेने भागले, तर वजनाच्या मानाने त्याची योग्यता कळते. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल आणि घनता ७·८५, भागाकार २६. ॲल्युमिनियमचे आकडे ७० आणि २·७. भागाकार पुन्हा २६. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा भागाकारही २६ च्या आसपासच येतो. निसर्गाची ही गंमत विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी, कारण केवळ धातू बदलून वजनाच्या मानाने ताठरपणा वाढत नाही. एकाच दिशेने तंतू रचलेल्या कार्बन संमिश्राचा गुणांक सुमारे १३५ आणि घनता १·६, म्हणजे भागाकार ८४. येथे तिपटीहून अधिक लाभ दिसतो.

पण भार कोणत्या दिशेने येणार हे ठाऊक नसेल तर? तर तंतू सर्व दिशांना वाटून रचावे लागतात, आणि मग त्याच पदार्थाचा गुणांक पन्नासच्या आसपास उतरतो. भागाकार होतो एकतीस. पोलादाचे सव्वीस, याचे एकतीस. तिप्पट लाभ जवळजवळ विरून जातो. कार्बन तंतूंच्या निलंबनाविषयीचा सारा वाद या दोन आकड्यांत सामावलेला आहे असे म्हटले तरी चालेल.

शर्यतमार्गावरील अनुभव

फॉर्म्युला वनच्या ढकलदांडीवर येणारा भार अभियंत्याला पुरता ठाऊक असतो. तो दांडीच्या लांबीच्या दिशेनेच येतो. बाहूंचे दोन फाटे देखील मुख्यतः ताण आणि दाब एवढेच सोसतात. मार्ग सपाट असतो आणि चाकाची वरखाली हालचाल काही सेंटीमीटरांपुरती असते. ती इतकी थोडी असते की पुष्कळ मोटारींत बाहूच्या आतील टोकाला सांधाच ठेवत नाहीत. धातूची एक पातळ पट्टी बसवतात आणि तीच किंचित लवून सांध्याचे काम करते. अशा ठिकाणी तंतू एका दिशेने रचण्याचा पुरा फायदा मिळतो. शिवाय बाहूला साच्यातूनच पंखासारखा आकार देता येतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि ब्रेकच्या नळ्या व तारा त्याच्या पोकळीतून नेता येतात.

येथवर पोचण्याचा मार्ग सरळ नव्हता. १९७५ साली बार्सिलोनाच्या माँज्युइक उद्यानातील मार्गावर स्पॅनिश ग्रां प्री चालू असताना रॉल्फ स्टॉमेलेन या चालकाच्या मोटारीचा मागील पंख तुटला. त्या पंखाचा आधार कार्बन तंतूंचा होता. मोटार कठड्यावरून पलीकडे गेली आणि प्रेक्षकांतील माणसे प्राणास मुकली. या पदार्थाकडे त्यानंतर काही काळ संशयाने पाहिले गेले यात आश्चर्य नाही. १९८१ साली मॅक्लारेन संघाचे अभिकल्पक जॉन बर्नार्ड यांनी मोटारीचा मुख्य सांगाडाच कार्बन संमिश्राचा केला, तेव्हा अपघातात त्याचा चुरा होईल असे भाकीत करणारे पुष्कळ होते. त्याच वर्षी मॉन्झा येथे जॉन वॉटसन यांच्या मोटारीला भयंकर अपघात झाला, इंजिन मागल्या भागासह निखळून दूर गेले, आणि वॉटसन सांगाड्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आले. त्यानंतर मतप्रवाह फिरला. पुढे १९९० च्या दशकात निलंबनाचे बाहूही कार्बनचे होऊ लागले आणि आज त्या श्रेणीत तेच रूढ आहेत.

दुचाकींच्या जगातही एक लक्षणीय उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे जॉन ब्रिटन या हौशी अभियंत्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या शर्यतीच्या मोटारसायकलीचा पुढील काटा, मागील बाहू आणि चाके देखील कार्बन संमिश्राची घडवली. अशी अवघी दहा वाहने तयार झाली. बड्या कारखान्यांच्या यंत्रांशी त्यांनी बरोबरी केली. १९९५ साली ब्रिटन यांचे अकाली निधन झाले.

कार्बनचे बाहू अमर असतात असा मात्र याचा अर्थ नव्हे. २९ मे २००५ रोजी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे झालेल्या युरोपियन ग्रां प्रीचा प्रसंग या दृष्टीने फार उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या नियमांनुसार शर्यतीत टायर बदलण्यास मनाई होती. आघाडीवर असलेल्या किमी रायकोनेन यांच्या मॅक्लारेनचे पुढील उजवे चाक मागे पडलेल्या एका मोटारीला ओलांडताना ब्रेकने आवळले गेले आणि टायर एका जागी घासून सपाट झाला. वाटोळे चाक जणू एका बाजूने छिलले गेले. त्यानंतर प्रत्येक फेऱ्यागणिक त्या सपाट जागेचा ठोका निलंबनाला बसू लागला. चाक सेकंदाला तीस-चाळीस वेळा फिरते, तेव्हा ठोकेही तितकेच. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांनाही चाकाची थरथर स्पष्ट दिसत होती. थांबावे की पुढे जावे या पेचात संघाने पुढे जाण्याचे ठरवले. शेवटच्या फेरीच्या आरंभी, पहिल्या वळणापाशी ब्रेक लावताच पुढील निलंबन मोडले. मोटार फिरत मार्गाबाहेर गेली आणि विजय फर्नांडो अलोन्सो यांना मिळाला. चालकास इजा झाली नाही. मोडलेले चाक मोटारीला बांधून ठेवणाऱ्या दोरामुळे लटकत राहिले, हवेत भिरकावले गेले नाही.

हा दोष पदार्थाचा म्हणता येणार नाही. ज्या कंपनांचा हिशोब आराखड्यात धरलाच नव्हता, ती कंपने त्याच्यावर लादली गेली. अशाच ठोक्यांनी पोलादालाही शिणवटा येऊन ते तुटले असते. फरक इतकाच, की पोलादी बाहू बहुधा आधी वाकला असता, सुकाणू एका बाजूला ओढू लागले असते आणि चालकाला इशारा मिळाला असता. कार्बन संमिश्र आपल्या लांबीच्या सुमारे दीड टक्का ताणले जाईपर्यंत निमूटपणे भार सोसते, आणि त्यापुढे एकदम तुटते. बाहूंना लागणाऱ्या जातीचे पोलाद तुटण्यापूर्वी पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ताणले जाते. ताणण्याचा हा अवधी म्हणजेच माणसाच्या हाती असलेला वेळ होय.

चाक बांधून ठेवणाऱ्या दोराचा उल्लेख वर आला. अतिबळकट कृत्रिम तंतूंचे असे दोर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सक्तीचे झाले. तरीही २००० साली मॉन्झा येथे आणि २००१ साली मेलबर्न येथे अपघातात सुटलेले चाक लागून मार्गरक्षणाचे काम करणारा एकेक स्वयंसेवक मृत्युमुखी पडला, आणि दोरांचे नियम पुढे अधिक कडक करण्यात आले. निलंबनाचा भाग मोडतो तेव्हा धोका केवळ चालकाला नसतो.

खडकाळ वाट

आता शर्यतमार्ग सोडून आडवाटेला वळू. डाकार शर्यतीच्या वरच्या गटातील मोटारींना २०२२ सालापासून ३५० मिलिमीटरपर्यंत चाकाची वरखाली हालचाल करण्याची मुभा आहे आणि त्या वर्षी त्यांचे किमान वजन २००० किलोग्रॅम ठरलेले होते. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ सालापासून चालत आलेल्या वाळवंटी शर्यतीतील बड्या ट्रकांच्या मागील चाकांची हालचाल याच्या दुपटीच्याही पुढे जाते. येथे लवणाऱ्या पातळ पट्टीने भागत नाही. गोलाकार सांधे, मोठे बुश आणि धूळ रोखणारी आवरणे लागतात. बाहू दहा-वीस अंशांनी झुलतो, उडीनंतर जमिनीवर आदळताना मूळ वजनाच्या कितीतरी पट भार घेतो, आणि खालून, पुढून, कडेने, जिकडून सुचेल तिकडून दगड त्याच्यावर आपटतात.

दगडाची दिशा अभियंत्याला आधी कळत नाही. सगळा प्रश्न येथे येऊन थांबतो. तंतू सर्व दिशांना वाटावे तर लाभ विरतो. एका दिशेने रचावे तर आडवा घाव बांबूवरील कोयत्यासारखा बसतो. शिवाय आघाताचा परिणाम नेहमी वरून दिसत नाही. दगड लागल्यावर पृष्ठभागावर जेमतेम एक ठिपका उमटतो, पण आतील थर एकमेकांपासून सुटलेले असतात. तो बाहू पुढे दाबाखाली आला की सुटलेले थर पुस्तकाच्या पानांसारखे वेगवेगळे वाकतात आणि त्याचे बळ अर्ध्यावर येऊ शकते.

आघातापुढील ही हतबलता विमानविद्येने फार पूर्वी अनुभवली होती. इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या इंजिनाच्या पुढील पंख्याची पाती कार्बन संमिश्राची करण्याचा प्रयत्न केला. ताणाच्या सर्व कसोट्या त्या पात्यांनी पार केल्या, पण १९७० साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती फुटली. टायटॅनियमकडे परतावे लागले. या इंजिनाच्या बेसुमार वाढलेल्या खर्चापायी फेब्रुवारी १९७१ मध्ये ती नामांकित कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि शासनाला ती ताब्यात घ्यावी लागली. पुढच्या काळात संमिश्राची पाती यशस्वी झाली, पण त्यांच्या कडेला धातूचे कवच चढवावे लागले.

म्हणूनच वाळवंटी ट्रकांचे बाहू आजही प्रामुख्याने क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या पत्र्यांचे आणि नळ्यांचे, जोडकाम करून बनवलेले असतात. अतिशय खडकाळ चढणींवर चालणाऱ्या गाड्यांत खालच्या दांड्यांसाठी पुष्कळजण उच्च प्रतीच्या ॲल्युमिनियमचा भरीव दांडा पसंत करतात. खडकावर टेकला की तो लवतो आणि पुन्हा सरळ होतो. पोलादी बाहूचा आणखी एक गुण कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. तो वाळवंटात दुरुस्त करता येतो. गाडीच्या दोन-तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून वितळजोड करण्याची युक्ती आडवाटेच्या प्रवाशांना चांगली परिचित आहे, आणि वाकलेला बाहू झाडाला दोर बांधून ओढून सरळ केल्याच्या हकिगतीही ऐकू येतात. मोडलेल्या कार्बन बाहूपुढे मात्र हात टेकावे लागतात. त्याला स्वच्छ खोली, मोजलेली राळ आणि तापमान राखणारी भट्टी लागते.

डोंगरउतारावरच्या सायकलींत कार्बन संमिश्राचे मागील बाहू आता सर्रास वापरतात आणि ते टिकतात, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु तेथे चालकासह वजन शंभर किलोंच्या आसपास असते, बाहूंच्या खालच्या अंगाला रबराची पट्टी चिकटवलेली असते, आणि सायकल खांद्यावर टाकून घरी येता येते. मोठ्या गाड्यांतही संमिश्राला कामे आहेतच. अंगावरचे पत्रे, दारे आणि ॲरामिड तंतूंच्या जोडीने केलेले तळकवच ही त्यांतली मुख्य.

विद्यार्थ्यांच्या गाडीचा हिशोब

'बाजा'सारख्या स्पर्धेतील गाडीचे इंजिन सुमारे दहा अश्वशक्तीचे. वजन कमी करण्याची धडपड समजण्याजोगी आहे. तरी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. २५·४ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि १·६ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरला सुमारे ९४० ग्रॅम भरते. त्याच व्यासाची अडीच मिलिमीटर जाडीची कार्बन नळी मीटरला २९० ग्रॅम. फरक साडेसहाशे ग्रॅमचा. पण कार्बनच्या नळीला आटे पाडून सांधा बसवता येत नाही; दोन्ही टोकांना धातूचे तुकडे चिकटवावे लागतात. त्यांचे दीडशे-दोनशे ग्रॅम वजा केले की उरतात साडेचारशे-पाचशे. त्यातील अर्धेच स्प्रिंगखालच्या खात्यात जमा. म्हणजे दहा-बारा किलोंच्या चाकामागे पाव किलो वाचले. पावसाळ्यातील एका फेरीत टायरला लागणारा चिखल याहून जड असतो.

ज्यांना तरीही प्रयोग करायचा असेल, त्यांनी तो ढकलदांडीवर किंवा सुकाणूच्या आडव्या दांडीसारख्या केवळ ताण-दाब सोसणाऱ्या, दगडांपासून दूर असलेल्या भागावर करावा. खालच्या बाहूवर करू नये. अशा दांड्या नळीत तुटत नाहीत, त्या चिकटवलेल्या सांध्यातून सुटतात. धातूचा तुकडा तेलकट राहिला, काचकागदाने नीट खरवडला नाही किंवा चिकटद्रव्याचा थर सगळीकडे सारखा बसला नाही, तर उत्तम नळीही व्यर्थ जाते. थराची जाडी साधारण एक ते तीन दशांश मिलिमीटर राखावी आणि ती राखण्यासाठी तुकडा नळीत मधोमध बसेल अशी सोय करावी. ॲल्युमिनियम उन्हात पसरते, कार्बन जवळजवळ पसरत नाही. त्यामुळे भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही सांध्यावर ताण येतो. टायटॅनियम या बाबतीत बरे, पण महाग.

किनाऱ्यावरील वाचकांसाठी एक विशेष सूचना. कार्बन वीजवाहक आहे. ॲल्युमिनियमला तो थेट टेकला आणि मध्ये खारे दमट पाणी आले की एक छोटी विद्युत्‌घटमाला तयार होते, आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियमचा तुकडा, तोही सांध्याच्या आत, दृष्टीआड. गोव्याच्या किंवा कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात पांढरी भुकटी दिसू लागली तर नवल नाही. दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा एक पातळ थर देणे आणि ॲल्युमिनियमवर आधी ॲनोडायझिंग करून घेणे हा त्यावरील रूढ उपाय आहे.

जाता जाता पाट्यांविषयी. स्प्रिंग किंवा पाटा कार्बनचा केला तर उत्तम, असे पुष्कळांना वाटते. स्प्रिंगचे काम ताठ राहण्याचे नसून लवून ऊर्जा साठवण्याचे आहे, आणि त्या कामाला काचतंतूंचे स्वस्त संमिश्रच वजनाच्या मानाने सरस ठरते. अमेरिकेच्या कॉर्व्हेट मोटारीत १९८१ साली मागील आडव्या पोलादी पाट्यांच्या जागी काचतंतूंचा एकच पाटा आला. अठरा किलोंहून जड जुडग्याचे काम चार किलोंहून हलक्या पाट्याने केले. महाग वस्तू प्रत्येक ठिकाणी उजवी असते असे नाही.

खरेदी, कायदा आणि तपासणी

बाजारात 'कार्बन' म्हणून विकले जाणारे सर्वच भाग कार्बनचे नसतात. काही धातूच्या किंवा काचतंतूंच्या भागांवर कार्बनच्या विणीचे एक पातळ कापड चढवलेले असते, तर काहींवर नुसता तशा नक्षीचा प्लॅस्टिकचा कागद. आरशाच्या आवरणाला ते चालेल. बाहूला चालणार नाही. तंतूंची रचना, चाचणीतील भार आणि सांध्याची रीत लेखी सांगू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून निलंबनाचा भाग घेऊ नये.

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही भूमिका ठामपणे मांडली आहे. बंद मार्गावरील शर्यतीच्या गाडीला जे चालते ते नोंदणीकृत जीपगाडीला चालेलच असे समजू नये. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी; अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी ती करण्यात अर्थ नसतो.

ज्या गाडीवर असे भाग आधीच बसवलेले आहेत, तिची तपासणी प्रत्येक खडतर फेरीनंतर व्हावी. मोठ्या संस्थांत यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची उपकरणे असतात. ती नसतील तेथे जुनी युक्ती कामास येते. बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते, तसेच एखादे नाणे घेऊन बाहूवर बोटाबोटाच्या अंतराने हलकेच ठोकत जावे. धड भागाचा आवाज खणखणीत येतो. आतील थर सुटले असतील तेथे तो बद्द होतो. ही युक्ती नळीच्या अंगाला लागू पडते, चिकटवलेल्या सांध्याच्या आतले तिला नीट कळत नाही. म्हणून सांध्याच्या कडेला रंगाची एक बारीक रेघ आधीच ओढून ठेवावी आणि ती तुटली किंवा सरकली आहे काय हे भिंगाने पाहावे. आवाज बद्द आलेल्या जागी खडूने खूण करून तो भाग त्याच दिवशी गाडीवरून उतरवावा, आणि तो पुन्हा कोणी चुकून बसवू नये म्हणून करवतीने त्याचे दोन तुकडे करावेत. कापताना उडणारी भूल तोंडात जाऊ नये यासाठी नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि करवतीखाली ओले फडके ठेवावे.